बॅकअप सर्व्हर नवा बसवला, आता एकही क्लायंट त्याला ओळखत नाही

जुवारीकाठ | शनिवार, सायंकाळी ६:१०

नमस्कार मंडळी. फोंड्यातील एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात संगणकांची देखभाल मी करतो. कार्यालयात १४ संगणक आहेत. शिवाय वास्कोहून काम करणाऱ्या एका सहकाऱ्याचा लॅपटॉप इंटरनेटमार्गे जोडलेला आहे. या सर्वांचा बॅकअप गेली चार वर्षे लिनक्सवरील यूआरबॅकअप या सॉफ्टवेअरने विनातक्रार होत होता. गुरुवारी रात्री विजांचा कडकडाट झाला, यूपीएसने दम तोडला आणि सर्व्हरमधील सिस्टिमची एसएसडी कायमची गेली. बॅकअपचा डेटा ज्या दोन मोठ्या हार्ड डिस्कवर आहे, त्या सुदैवाने शाबूत आहेत. त्या मी काढून बाजूला ठेवल्या आहेत.

आज दुपारी नव्या एसएसडीवर सर्व काही पुन्हा बसवले. सर्व्हरचे नाव पूर्वीचेच ठेवले, आयपी पत्ताही तोच दिला, त्यामुळे क्लायंट (प्रत्येक संगणकावरील यूआरबॅकअपचा भाग) आपोआप जोडले जातील अशी माझी समजूत होती. सर्व्हरला संगणक दिसतात, पण यादीतील तेराही नावांपुढे ओळखीची त्रुटी येते आणि क्लायंटने सर्व्हरची ओळख नाकारली असा निरोप मिळतो. वास्कोचा लॅपटॉप तर यादीत आलेलाच नाही. प्रयोग म्हणून टंकलेखनाच्या संगणकावरील क्लायंटच्या फोल्डरमधून सर्व्हरच्या ओळखी साठवणारी मजकूर-फाइल काढून टाकली आणि सेवा पुन्हा सुरू केली, तेव्हा तो एक संगणक लगेच जोडला गेला.

नाव तेच आणि पत्ता तोच असताना ओळख का पटत नाही? आणि हीच फाइल उरलेल्या सर्व संगणकांवरून काढून टाकणे योग्य ठरेल का? जुलैचा शेवट जवळ आला आहे, विवरणपत्रांची धांदल आहे, त्यामुळे सोमवारी सकाळी बॅकअप सुरू असणे अत्यावश्यक आहे.

सोलकढी | ६:२२

चवथीला पंचवीस वर्षांनी कोणी मुंबईचा पाहुणा दारात येऊन म्हणतो, "मी तुमच्या आत्याचा दीर", तेव्हा आमची आजीसुद्धा नाव ऐकून दार उघडत नाही, आधी चार प्रश्न विचारते. आपले क्लायंट आजीच्या वळणाचे निघाले.

पेडण्याचा पाऊस | ६:३५

फाइल काढून टाकणे हाच उपाय आहे. मी दोन ठिकाणी तसेच केले आहे. डोमेन (एकाच ठिकाणाहून चालवला जाणारा विंडोज संगणकांचा गट) असेल तर ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे त्या गटाच्या सामायिक नियमांतून, एक लहानशी स्क्रिप्ट पाठवावी, ती सेवा थांबवेल, फाइल पुसेल आणि सेवा पुन्हा सुरू करेल. दहा मिनिटांचे काम आहे, यावर सोमवारपर्यंत विचार करण्याची गरज नाही.

म्हादई | ७:०४

पेडणेकरसाहेबांचा उपाय चालतो, यात वाद नाही, पण तो का चालतो हे समजून घेतल्यावर तो करावासा वाटेल का, हे पाहावे.

यूआरबॅकअपचा सर्व्हर पहिल्यांदा बसवला जातो तेव्हा तो स्वतःसाठी किल्ल्यांची एक जोडी तयार करतो. खाजगी किल्ली सर्व्हरकडेच राहते आणि तिच्याशी जुळणारी ओळख क्लायंटच्या त्या मजकूर-फाइलमध्ये नोंदली जाते. पुढे सर्व्हर जेव्हा जेव्हा क्लायंटला आज्ञा देतो, तेव्हा क्लायंट ही ओळख तपासतो. नाव आणि आयपी पत्ता कोणीही धारण करू शकतो, म्हणून ओळखीच्या कामी त्यांना किंमत नाही. आपण सर्व्हर नव्याने बसवला त्या क्षणी नव्या किल्ल्या तयार झाल्या. क्लायंटच्या दृष्टीने हा जुन्याच्या घरात जुन्याचे कपडे घालून बसलेला एक तिऱ्हाईत आहे. क्लायंट बिघडलेले नाहीत, ते आपले काम चोख करत आहेत.

ओळखींची फाइलच नसेल, तर क्लायंट समोर येणाऱ्या पहिल्या सर्व्हरवर विश्वास ठेवतो. यूआरबॅकअप स्थानिक नेटवर्कवर यूडीपीच्या ३५६२२ या पोर्टवरून हाकारा घालून क्लायंट शोधतो, त्यामुळे "पहिला सर्व्हर" म्हणजे त्याच सबनेटवर (जाळ्याच्या त्याच भागावर) त्या क्षणी हाकारा घालणारा कोणताही सर्व्हर. आणि ज्याला बॅकअप घेण्याचा अधिकार मिळाला, त्याला त्या संगणकावरील सर्व फाइली वाचण्याचा अधिकार मिळाला. लेखापालाच्या कार्यालयात त्या फाइली कोणाच्या असतात, हे मी सांगायला नको. अशिलांसाठीचे वाय-फाय त्याच जाळ्यावर आहे का, हे आधी पाहावे.

आता माझे दोन प्रश्न आहेत. त्या दोन हार्ड डिस्क नव्या सर्व्हरला अजून जोडलेल्या नाहीत ना? आणि बॅकअपच्या मूळ फोल्डरात "यूआरबॅकअप" नावाचा उपफोल्डर आहे का?

पेडण्याचा पाऊस | ७:१५

ताई, फोंड्याच्या कार्यालयात कोण हेरगिरी करायला बसला आहे? रात्री राउटरची वायर काढावी, वाय-फाय बंद ठेवावे आणि मग फाइली पुसाव्यात. जाळ्यावर दुसरा सर्व्हरच नसेल तर पहिला येणारा आपलाच असणार.

म्हादई | ७:२१

जाळे असे तोडून केले तर माझी हरकत नाही. दहा मिनिटांच्या स्क्रिप्टमध्ये ती अट नव्हती, एवढेच.

स्क्रिप्टच पाठवायची असेल तर तिच्याकडून फाइल पुसून घेऊ नये, नव्या सर्व्हरची ओळख फाइलमध्ये भरून घ्यावी. सर्व्हरकडील ओळख-किल्लीच्या फाइलमध्ये मजकुराच्या आरंभी हॅशचिन्ह आणि इंग्रजी मोठा आय असतो व शेवटी पुन्हा हॅशचिन्ह असते. ही टोके काढून उरलेला मजकूर क्लायंटच्या ओळख-फाइलमध्ये स्वतंत्र ओळ म्हणून लिहिला की क्लायंट त्या सर्व्हरला ओळखू लागतो. यात क्लायंटची पाटी एका क्षणासाठीही कोरी होत नाही.

डिचोलीकर | ७:४८

विषय यूआरबॅकअपचा असला तरी दुखणे सर्वांचे एकच आहे, म्हणून माझा बाक्युला या दुसऱ्या बॅकअप सॉफ्टवेअरचा अनुभव लिहितो. तेथे डायरेक्टर (कामे सोडणारा मुख्य सर्व्हर) आणि क्लायंटवरील फाइल डिमन (फाइली पाठवणारी सेवा) यांची ओळख नाव आणि परवलीचा शब्द या दोन्हींवर ठरते. ९१०२ या पोर्टवर जोडणी होते, पण ओळख पटत नाही, आणि नोंदवहीत जो निरोप येतो तो एका दमात तीन शक्यता सांगतो: नावे किंवा परवलीचे शब्द जुळत नाहीत, एकाच वेळी चालणाऱ्या कामांची मर्यादा ओलांडली गेली आहे, किंवा नेटवर्क गोंधळले आहे. माणूस स्वाभाविकपणे परवलीच्या शब्दावर अडकतो. मी अख्खा दिवस तो शब्द अक्षर-अक्षर लावून पाहिला, दोन्हीकडे तंतोतंत सारखा होता.

चूक नावात होती. बाक्युला बसवताना डायरेक्टरला यंत्राच्या नावावरून नाव देण्याची पद्धत आहे. नव्या यंत्राचे नाव वेगळे, म्हणून डायरेक्टरचेही नाव बदलले होते, आणि क्लायंटच्या संरचना-फाइलमध्ये जुन्याच डायरेक्टरला परवानगी लिहिलेली होती. ते बदलले, फाइल डिमन पुन्हा सुरू केला आणि पाच मिनिटांत काम झाले. जुवारीकाठबाब, आपण नाव सांभाळले आणि किल्ली हरवली, माझ्याकडे किल्ली होती आणि नाव हरवले होते.

सोलकढी | ७:५५

दोघांनी मिळून एक सर्व्हर चालवला असता तर हा धागाच निघाला नसता.

निवृत्त टेप | ८:३०

मी पणजीतील एका मोठ्या कार्यालयात आयबीएमचा टिव्होली स्टोरेज मॅनेजर, म्हणजे बॅकअपचेच सॉफ्टवेअर, बरीच वर्षे सांभाळला, आता निवृत्त आहे. त्या सॉफ्टवेअरचा एक गुण मला अजूनही आवडतो. ओळख नाकारली तर का नाकारली, हे सर्व्हरची नोंदवही वेगवेगळ्या क्रमांकांनी सांगते. "एएनआर ०४२२" आला तर त्या नावाचा नोड (क्लायंट संगणक) नोंदवलेलाच नाही, "एएनआर ०४२४" आला तर नोड आहे पण परवलीचा शब्द चुकला. क्लायंटच्या पडद्यावर मात्र यातले बारकावे दिसत नाहीत, म्हणून आधी सर्व्हरची नोंदवही वाचावी, हे मी नव्या मुलांना नेहमी सांगत असे.

आमच्याकडे एक संगणक साधारण दर तीन महिन्यांनी ०४२४ देऊन बंद पडत असे. शब्द पुन्हा ठरवला की चालू होई आणि मग दुसऱ्याच विभागातला एक संगणक रुसून बसे. दोन वेळा हा खेळ झाल्यावर मी नोंदवहीत १६३९ क्रमांकाचा निरोप शोधला. एखाद्या नोडचा पत्ता किंवा यंत्राची अंतर्गत ओळख बदलली की तो निरोप येतो. तेथे एकाच नोडसाठी तो रोज रात्री दोनदा येत होता, कधी या पत्त्यावरून त्या पत्त्यावर, कधी उलट. कोणीतरी एका संगणकाची संरचना-फाइल जशीच्या तशी दुसऱ्यावर उतरवली होती, त्यामुळे दोघेही एकाच नावाने येत होते. परवलीचा शब्द क्लायंटनेच आपोआप तयार करावा असा पर्याय आम्ही निवडलेला होता आणि शब्दाची मुदत मुळात ९० दिवसांची असते. मुदत संपली की दोघांपैकी जो आधी पोहोचेल तो नवा शब्द तयार करून स्वतःजवळ ठेवी, आणि दुसऱ्याकडे शिळा शब्द राही.

अंत्रुज | ८:५२

टेपकाकांचे वाचून मी पहिला लेख पुन्हा वाचला. जुवारीकाठ, आपण लिहिता की कार्यालयात १४ संगणक आहेत आणि लॅपटॉप त्याशिवाय आहे. मग यादीत नावे तेराच कशी?

जुवारीकाठ | ९:२६

सर्वांचे आभार. म्हादईताई, डिस्क अजून जोडलेल्या नाहीत. त्यांतली एक माझ्या लॅपटॉपला केवळ वाचण्यापुरती लावून पाहिली. यूआरबॅकअप नावाचा उपफोल्डर आहे. त्यात डेटाबेसच्या फाइली आणि "सर्व्हर आयडेंट" अशा नावाने सुरू होणाऱ्या काही लहान फाइली दिसतात. सर्व गुरुवारच्या पहाटेच्या आहेत.

अंत्रुजबाब, आपला प्रश्न वाचून मी कागद-पेन घेऊन बसलो. स्वागतकक्षात दोन संगणक आहेत आणि यादीत "फ्रंट" हे नाव एकदाच आहे. खरे म्हणजे जुन्या सर्व्हरवरही ते एकदाच होते आणि चार वर्षांत मी मोजले नाही.

म्हादई | ९:४५

मग आपले निम्म्याहून अधिक काम झाले. सर्व्हर रोज साफसफाईच्या वेळी स्वतःच्या डेटाबेसची प्रत बॅकअपच्या जागेत ठेवतो. त्याबरोबर ओळखीच्या किल्ल्याही जातात. मुळात ही वेळ पहाटे तीन ते चारची असते, म्हणूनच आपल्याला गुरुवारच्या पहाटेची प्रत मिळाली.

मात्र याच कारणाने आता घाई करू नये. त्या डिस्क आज रात्री तशाच नव्या सर्व्हरला जोडून तीच बॅकअपची जागा म्हणून दिली, तर पहाटे नवा सर्व्हर स्वतःचा रिकामा डेटाबेस आणि स्वतःच्या नव्या किल्ल्या त्याच फोल्डरात ठेवायला जाईल, आणि आपली जुनी प्रत तिच्याखाली दडपली जाईल. म्हणून प्रथम तो संपूर्ण उपफोल्डर दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्यावा. दुसरे, बॅकअपच्या जागेतील अनोळखी फाइली पुसणारी जी आज्ञा या सॉफ्टवेअरबरोबर येते, तिला हातही लावू नये. नव्या डेटाबेसला आपले चार वर्षांचे सर्वच बॅकअप अनोळखी आहेत.

नंतर सर्व्हरची सेवा थांबवून व्हार (/var) निर्देशिकेतील यूआरबॅकअपच्या फोल्डरात जुना डेटाबेस आणि किल्ल्यांच्या सर्व फाइली ठेवाव्यात. फाइलींची मालकी "यूआरबॅकअप" या वापरकर्त्याकडे द्यावी, कारण रूट (लिनक्सचा सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून उतरवलेल्या फाइली रूटच्याच राहतात आणि मग सेवेला त्या वाचता येत नाहीत. सॉफ्टवेअरची आवृत्ती जुन्याइतकी किंवा तिच्यापेक्षा नवी असावी. डिस्क पूर्वीच्याच मार्गावर जोडाव्यात आणि मगच सेवा सुरू करावी.

वास्कोच्या लॅपटॉपचे दुखणे निराळे आहे. इंटरनेटमार्गे येणारा क्लायंट ५५४१५ या पोर्टवर येतो आणि त्याची स्वतःची एक प्रमाणीकरण-किल्ली सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये असावी लागते. कोऱ्या डेटाबेसमध्ये ती नाही, म्हणून तो यादीतही आला नाही. डेटाबेस परत आला की त्याच्यासाठी वेगळे काही करावे लागू नये.

पेडण्याचा पाऊस | ९:५८

हे मला माहीत नव्हते. मी दोन्ही ठिकाणी फाइली पुसत बसलो आणि जुने बॅकअप सर्व्हरला दिसत नाहीत म्हणून ते वर्षभर वेगळ्या डिस्कवर नुसते सांभाळले. स्क्रिप्टचा माझा सल्ला मागे घेतो, वायर काढण्याचा मात्र कायम ठेवतो.

मडगाव लोकल | १०:२०

नेटबॅकअप या आणखी एका बॅकअप सॉफ्टवेअरचे दोन शब्द सांगतो. ८.१ या आवृत्तीपासून तेथे प्रत्येक यंत्राला मुख्य सर्व्हरकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि ते यंत्राच्या नावाशी नव्हे तर त्याला दिलेल्या ओळख-क्रमांकाशी बांधलेले असते. क्लायंटची हार्ड डिस्क बदलून तो त्याच नावाने पुन्हा उभा केला, तर मुख्य सर्व्हर म्हणतो की या नावाचा माझ्याकडे आधीच कोणी आहे, आणि पुनर्वितरणासाठीचे खास टोकन दिल्याशिवाय नवे प्रमाणपत्र देत नाही. म्हणजे जुवारीकाठ यांच्याकडे सर्व्हर तिऱ्हाईत ठरला, आमच्याकडे क्लायंट ठरतो.

आणखी एक, कोकणच्या पावसाचे. वीज वारंवार जाते, मदरबोर्डवरचा नाणेवजा सेल संपलेला असतो आणि संगणक सुरू होताना घड्याळ काही वर्षे मागे जाते. तसे झाले की प्रमाणपत्र "अजून लागूच झालेले नाही" असे ठरते आणि त्रुटी मात्र ओळखीची दिसते. मी पूर्वी थेट प्रमाणपत्रांच्या मागे लागत असे, आता उजव्या कोपऱ्यातली तारीख आधी पाहतो.

डिचोलीकर | १०:३१

स्वागतकक्षातील जोडीबाबत: ते दोन्ही संगणक बहुधा एका डिस्कची हुबेहूब प्रत काढून तयार केलेले असावेत. लिनक्सच्या आभासी यंत्रांत हे अधिक त्रासाचे होते. प्रत काढल्यावर एसएसएचच्या (दुरून जोडणीच्या) यजमान-किल्ल्या आणि मशीन-आयडी, म्हणजे यंत्राचा अंतर्गत ओळख-क्रमांक, या दोन्ही गोष्टी सारख्याच राहतात. मशीन-आयडी सारखा असेल तर आयपी पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर कधीकधी दोन्ही यंत्रांना एकच पत्ता देतो, आणि मग आपण बॅकअपच्या सॉफ्टवेअरला विनाकारण दोष देत बसतो.

जुवारीकाठ | रविवार, दुपारी ४:४०

आज सकाळी कार्यालय उघडून म्हादईताईंनी सांगितले त्याच क्रमाने काम केले. आधी उपफोल्डरच्या दोन प्रती काढल्या, मग किल्ल्या आणि डेटाबेस बसवला, मालकी बदलली, डिस्क जोडल्या. सेवा सुरू केल्यावर काही मिनिटांत यादीतील बारा नावे एकामागून एक निरोगी झाली आणि चार वर्षांचे जुने बॅकअपही दिसू लागले. वास्कोच्या सहकाऱ्याला दूरध्वनी करून लॅपटॉप सुरू करायला सांगितले, तोही काही न करता जोडला गेला.

तेरावा संगणक टंकलेखनाचा. तो आता ओळख नाकारतो, कारण काल मीच त्याची फाइल पुसली होती आणि त्याने मधल्या सर्व्हरची ओळख मनाशी धरली होती. जुना मालक परत आला तर हा एकटा त्याला दारातून हाकलतो आहे. त्याच्या फाइलमध्ये टोके काढलेली जुनी ओळख लिहिली आणि मधल्या सर्व्हरची ओळ काढून टाकली, तेव्हा तो शांत झाला.

स्वागतकक्षाचे डिचोलीकर यांचे अनुमान बरोबर निघाले. दुसरा संगणक घेतला तेव्हा दुकानदाराने पहिल्याच्या डिस्कची प्रत काढून दिली होती आणि नाव बदलण्याचे कोणाच्या लक्षात आले नव्हते. "फ्रंट"चा बॅकअप एके दिवशी भलताच मोठा आणि दुसऱ्या दिवशी लहान का येतो, असा प्रश्न मला पूर्वी दोनदा पडला होता, आणि दोन्ही वेळा मी पावसावर ढकलून मोकळा झालो होतो. जुने बॅकअप उघडून पाहिले तर काही तारखांना आवक-जावक नोंदवही आहे, काही तारखांना अशिलांच्या भेटींचे वेळापत्रक, आणि एकाच दिवशी दोन्ही आहेत असा दिवस मला सापडला नाही. दुसऱ्या संगणकाचे नाव बदलून "फ्रंट-२" केले आणि तो सर्व्हरच्या यादीत नवीन क्लायंट म्हणून आला.

निवृत्त टेप | ५:०५

उत्तम. किल्ल्यांच्या ज्या दोन प्रती काढल्या, त्या आता कोठे आहेत?

जुवारीकाठ | ५:१२

एक अजून माझ्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपवरच आहे, हे आपण विचारल्यावर लक्षात आले.

म्हादई | ५:१५

ती खाजगी किल्ली आहे. ज्याच्या हाती ती पडेल तो त्या कार्यालयातील प्रत्येक संगणकापुढे आपला सर्व्हर म्हणून उभा राहू शकतो. लॅपटॉपवरून ती पुसावी, आणि दुसरी प्रत कूटबद्ध पेनड्राइव्हवर घालून कार्यालयाच्या तिजोरीत ठेवावी.

सोलकढी | ५:२०

आजी असती तर किल्ली कमरेलाच राहिली असती.

जुवारीकाठ | ६:०२

पुसली. पेनड्राइव्ह उद्या साहेब आले की तिजोरीत जाईल, तोपर्यंत माझ्या खिशात आहे. "फ्रंट-२"चा आयुष्यातील पहिला स्वतंत्र पूर्ण बॅकअप सध्या ५८ टक्क्यांवर आहे. बाहेर पुन्हा गडगडू लागले आहे, म्हणून नव्या यूपीएसजवळच बसून आहे.